राजपत्र, मांडी आणि मोलगी

आजची सुरुवात अफूच्या एका खटल्यापासून. विषय लहान मुलांच्या कार सीटचा आहे, पण तिथे पोचायला जयपूर, मुंबई विमानतळ आणि अमेरिकेतलं टेनेसी असा बराच मोठा वळसा आहे. शेवटचा मुक्काम मात्र आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं मोलगी. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

तर, जयपूर संस्थान, १९२३. महाराज वयाने लहान, त्यामुळे कारभार मंत्रिमंडळाच्या हातात. या मंत्रिमंडळाने ११ डिसेंबर १९२३ रोजी ठराव करून 'जयपूर अफू कायदा' मंजूर केला. ठराव कागदावर उतरला, कागद फायलीत गेला आणि तिथेच राहिला. कुठे छापला नाही, कुठे चिकटवला नाही, दवंडीसुद्धा पिटली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी हरला नावाच्या माणसाला याच कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. हा ५० रुपयांचा मामला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९५१ साली निकाल लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आपल्या नागपूरचे. वकिली तिथेच केली आणि तिथल्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीशही झाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकांना कळेल अशा कुठल्याच रीतीने जो कायदा जाहीर झाला नाही, तो लोकांवर लादता येणार नाही. हरलाचा दंड रद्द!

आता दुसरा खटला. २८ नोव्हेंबर १९६२, मुंबई विमानतळ. झुरिकहून मनिलाला निघालेलं विमान मधल्या थांब्यावर उतरलं. त्यात मेयर हान्स जॉर्ज नावाचा एक जर्मन प्रवासी होता. गडी विमानातून उतरलाही नव्हता, पण कस्टम्सवाल्यांनी झडती घेतली तर त्याच्या खास शिवलेल्या जाकिटात ३४ किलो सोनं निघालं. त्याचा बचाव असा, की भारतातून असं सोनं नुसतं पुढे न्यायलासुद्धा बंदी आहे हे मला माहीतच नव्हतं. आणि ते अगदीच अशक्य नव्हतं, कारण बदललेल्या नियमाची अधिसूचना राजपत्रात छापून आली होती २४ नोव्हेंबरला, म्हणजे फक्त चार दिवस आधी. हायकोर्टाने त्याला सोडलं. पण सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्ये बहुमताने उलट निकाल दिला: भारताच्या राजपत्रात छापलं म्हणजे जाहीर झालं, प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगायची गरज नाही.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की सरकारने 'कळवणं' म्हणजे काय याची आपल्याकडची कायदेशीर व्याख्या मिळते. किमान मर्यादा: फायलीत दडवलेलं चालणार नाही. पुरेशी मर्यादा: राजपत्रात छापलं की झालं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड सर्व्हरवर चढवला आणि चेंजलॉगमध्ये एक ओळ टाकली की काम फत्ते. युजरने चेंजलॉग वाचला नाही, तर तो युजरचा प्रॉब्लेम.

सोन्याच्या स्मगलरच्या बाबतीत ही व्याख्या मला मान्य आहे. पण ज्या कायद्याचा हेतूच कुणाचा तरी जीव वाचवणं हा आहे, तिथे ती पुरते का? तिथे दंड वसूल झाला म्हणजे कायदा यशस्वी झाला असं म्हणता येत नाही. दंड व्हायची वेळ आली याचा अर्थ मूल आधीच धोक्यात बसलेलं होतं.

*

आता कार सीटकडे येऊ.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून तिचा बराचसा भाग लागू झाला. तो महिना आठवतोय? वर्तमानपत्रं, टीव्ही, फॉरवर्ड, सगळीकडे एकच चर्चा: दंड किती वाढले! कुणाला किती हजारांची पावती फाटली याच्या सुरस आणि चमत्कारिक कथा. महाराष्ट्राचे तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंडांचा फेरविचार करा असं केंद्राला कळवलं आणि आपल्याकडे ते दंड लागू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. या सगळ्या गदारोळात एक छोटं कलम गुपचूप येऊन बसलं होतं. कलम १९४ ब, पोटकलम २. चौदा वर्षांखालचं मूल सीट बेल्ट किंवा 'चाइल्ड रिस्ट्रेंट सिस्टिम' शिवाय वाहनात असेल, तर चालवणाऱ्याला किंवा तसं चालवू देणाऱ्याला एक हजार रुपये दंड.

म्हणजे भारतात लहान मुलांच्या सीटबद्दल कायदा आहे. तुमच्या टीममधल्या दहा आईबाबांना सोमवारी विचारून बघा, किती जणांना ठाऊक आहे ते.

त्यातला 'किंवा' हा शब्दही नीट बघा. प्रोग्रामर असाल तर तो लगेच टोचेल. दोन वर्षांच्या पोराला मोठ्यांचा बेल्ट लावला तरी कलमाची अट पूर्ण होते. पण तो बेल्ट बनलाय मोठ्या माणसाच्या मापाने. पट्टा खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा, तो लहान मुलाच्या मानेवरून आणि पोटावरून जातो. अपघातात तोच पट्टा इजा करतो. कुठल्या वयाला, कुठल्या वजनाला, कुठल्या उंचीला काय वापरायचं याची फोड कलमात नाही. कायदा इतका मोघम असेल, तर उरलेली जागा माहितीनेच भरावी लागते. आणि ती माहिती द्यायची कुणी?

*

जगाने हे कसं सोडवलं, ते बघण्यासारखं आहे. कारण तिथेही हे एका रात्रीत झालं नाही.

तीन बिंदूंचा सीट बेल्ट निल्स बोलिन या इंजिनियरने १९५९ मध्ये आणला. बेल्ट लावण्याची सक्ती करणारा पहिला कायदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये केला. मुलांच्या बाबतीत पहिलं मोठं डोकं चालवलं ते स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांनी, १९६० च्या दशकात. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर उताणे असतात, म्हणजे सगळा जोर पूर्ण पाठीवर विभागला जातो, हे त्यांनी पाहिलं. त्यावरून मागे तोंड करून बसायच्या सीटची कल्पना निघाली. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. गाडी समोरून धडकली तर मागे तोंड करून बसलेल्या बाळाचं डोकं, मान आणि पाठ तिन्ही सीटच्या पाठीवर एकदम टेकतात. पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्याने अडतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. इतकं साधं आहे हे.

पण सीट बाजारात येणं वेगळं आणि आईबापांना ती का हवी हे कळणं वेगळं. इथे येतात माझे या लेखातले हिरो, डॉ. रॉबर्ट सँडर्स. टेनेसी राज्यातल्या रदरफर्ड काउंटीचे सरकारी आरोग्य अधिकारी आणि बालरोगतज्ज्ञ. म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा आरोग्य अधिकारीच म्हणा ना! गोवर, पोलिओ, घटसर्प यांच्या लसी टोचणाऱ्या या माणसाच्या लक्षात आलं, की आता रोगांपेक्षा गाड्या जास्त मुलं मारतायत, आणि मग त्याने कार सीटकडे लसीसारखंच बघायला सुरुवात केली. तो आणि त्याची बायको आमदारांना फोन करकरून पिच्छा पुरवायचे. १९७६ मध्ये विधेयक पडलं. १९७७ मध्ये मंजूर झालं आणि १ जानेवारी १९७८ पासून चार वर्षांखालच्या मुलांसाठी सीट सक्तीची करणारा अमेरिकेतला पहिला कायदा टेनेसीत लागू झाला.

मंजूर करताना आमदारांनी एक पळवाट ठेवली. मूल कडेवर किंवा मांडीवर असेल तर सीट नको. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कुठली, असा युक्तिवाद! ऐकायला किती गोड. विरोधकांनी या दुरुस्तीचं नाव ठेवलं 'मूल चिरडणारी दुरुस्ती'. का, ते बारावीच्या फिजिक्सने समजतं. गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. धडकेत ती सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असं धरा. मंदन येतं गुरुत्वाकर्षणाच्या अकरापट. दहा किलोचं बाळ त्या क्षणी साधारण ११० किलोच्या ओझ्यासारखं हातातून सुटायला बघतं. कुठल्याही आईच्या हातात तेवढं बळ नसतं. आणि तिने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर बाळ तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. ही पळवाट बंद व्हायला १९८१ उजाडलं. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते कायद्याच्या आजूबाजूला घडलेलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये मोहीम काढली, तिचा गाभा एका वाक्यात मावतो: दवाखान्यातून घरी जाण्याचा बाळाचा पहिला प्रवासच सुरक्षित करा. ज्यांना सीट परवडत नव्हती त्यांच्यासाठी दवाखाने आणि संस्थांनी सीट उसन्या द्यायच्या योजना काढल्या. म्हणजे कायदा, माहिती आणि वस्तू एकत्र चालल्या. अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याचा हिशोब सांगतो, की कारमध्ये सीट नीट वापरली तर तान्ह्या बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

माहिती उशिरा पोचली तर काय होतं तेही अमेरिकेनेच पाहिलं. १९९० च्या दशकात पुढच्या प्रवाशासाठी एअरबॅग आल्या. मोठ्यांचे जीव वाचले. पण पुढच्या सीटवर बसलेली मुलं, खासकरून मागे तोंड केलेल्या सीटमधली तान्ही बाळं, साध्या टकरीतसुद्धा एअरबॅगच्या फटक्याने दगावू लागली. आकडा शंभराच्या पुढे गेला. मग १९९६ नंतर ठळक इशाऱ्याची लेबलं सक्तीची झाली, मुलं मागे बसवा अशी मोठी मोहीम झाली आणि १९९८ पासूनच्या गाड्यांत एअरबॅगचा जोर कमी केला गेला.

*

आता भारतात या. चालकासाठी एअरबॅग २०१९ मध्ये आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ मध्ये सक्तीची झाली. चांगलंच झालं. पण आपल्याकडे बाळाला घेऊन आई (किंवा आजी) कुठे बसते? पुढे. एसीची हवा लागते, रस्ता दिसतो, बाळ रमतं. म्हणजे नेमक्या ज्या जागी मांडीवर बाळ असतं, त्याच जागेसमोर सरकारी नियमाने एअरबॅग आली. सन व्हायझरवर बाळाच्या चित्रावर फुली मारलेलं लेबल असतं, ते किती जणांनी वाचलंय? ते लेबल म्हणजे आपल्याकडचं राजपत्र. छापलंय, म्हणजे कळवलंय!

२०२२ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची एअरबॅगची एक जाहिरात गाजली, अक्षय कुमारची. सासरी निघालेली मुलगी, रडणारा बाप आणि सहा एअरबॅगची महती. लोकांनी चर्चा केली ती जाहिरातीतल्या हुंड्याची. ही जाहिरात येण्याच्या काही दिवस आधी, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला होता. ते मागच्या सीटवर होते, बेल्टशिवाय. मागचा बेल्ट लावायचा असतो हे देशातल्या सुशिक्षितांना त्या आठवड्यात कळलं. नियम मात्र आधीपासून होता. एका प्रसिद्ध माणसाचा जीव गेल्यावर जे कळतं, ते आधी कळवलेलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ.

मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अपघात अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ९,५२८ अठरा वर्षांखालची. दिवसाला २६. रोज एक शाळेचा वर्ग रिकामा होतोय म्हणा.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणायचं नाहीये. फेब्रुवारी २०२२ मध्ये दुचाकीवरच्या नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी नियम आला: चालकाला बांधून ठेवणारा पट्टा, मुलाला हेल्मेट, वेग ताशी ४० च्या आत. तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' सुरू झालं. त्यात दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे सीटमध्ये बसवून गाडी आदळतात आणि मुलांच्या सुरक्षेचे ४९ पैकी वेगळे गुण देतात. गाडी घेताना हे गुण बघता येतात. पण हे सगळं कळतं कुणाला? जो गाडी घ्यायच्या आधी चार रात्री नेटवर घालवतो त्याला. म्हणजे तुम्हाला आणि मला.

*

आणि आता मोलगी. अक्कलकुवा तालुका, नंदुरबार जिल्हा, सातपुड्याच्या कुशीत. अक्कलकुव्याहून वर चढताना देवगोई घाट लागतो. आजूबाजूच्या पाड्यांसाठी मोलगी म्हणजे बाजारपेठ. आमचूर, भगर इथे विकायला येतं. ग्रामीण रुग्णालय इथे आहे. लोक पावरी, नोयरी अशा भिली बोली बोलतात. मराठी ही शाळेची आणि सरकारी कचेरीची भाषा.

'मोलगीत आणि कार सीट? काहीतरीच काय!' असं वाटलं असेल तर थांबा. कलम १९४ ब मोलगीलाही लागू आहे. 'चौदा वर्षांखालचं मूल, मोटार वाहन' एवढंच त्यात आहे. मारुती की मर्सिडीज असा भेद त्यात नाही. इथली मुलं प्रवास करतात काळी-पिवळीत, क्रूझरमध्ये, पिकअपच्या हौद्यात, कधी टपावर. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात, लेकरांसकट, अशाच वाहनांतून. त्या हौद्यात बेल्ट नाही, सीट नाही. कायदा इथल्या मुलाला जे बांधायला सांगतो, ते बांधायची सोयच त्या वाहनात नाही.

धोका मात्र पुस्तकी नाही. जानेवारी २०२१ मध्ये याच जिल्ह्यात तोरणमाळच्या बाजूला खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत पडली, किमान सहा जण गेले. ९ नोव्हेंबर २०२५ ला, दिवाळीची सुट्टी संपवून मोलगी भागातली मुलं अक्कलकुव्याकडे परत निघाली होती. त्यांची बस देवगोई घाटात दरीत कोसळली. दोन विद्यार्थी गेले, अनेक जखमी झाले. ही आश्रमशाळेची मुलं.

आश्रमशाळा हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. वर्षातले बरेचसे महिने या मुलांचे पालक कोण असतात? शाळा आणि तिच्यामागे उभं असलेलं, तिला चालवणारं किंवा अनुदान देणारं सरकार. 'सरकारने पालकांना माहिती द्यावी' या वाक्यात इथे सरकार आणि पालक हे दोन वेगळे शब्द उरतच नाहीत. महाराष्ट्राने स्कूल बससाठी २०११ मध्ये नियम केले. त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, तिच्यात मुख्याध्यापक, पालकांचा प्रतिनिधी, पोलिस आणि आरटीओ असावेत असं आहे. कागदावर उत्तम योजना. पण जिचे आईबाप पाड्यावर आणि कामासाठी गुजरातेत, अशा मुलीच्या वतीने त्या समितीत प्रश्न कोण विचारणार?

'अहो, तिथे रस्ते धड नाहीत, सरकारची माहिती काय पोचणार?' हे उत्तर मला अजिबात पटत नाही. कारण सरकारला नंदुरबारला पोचता येतं. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. आणि पोलिओ? १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. डोस पाजणारी माणसं सातपुड्यातल्या पाड्यापाड्यावर चालत गेली. २०११ च्या जानेवारीत देशातला शेवटचा रुग्ण सापडला, २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की राजपत्रात छापलंय, वाचा आणि या. ज्या दिवशी सरकारने ठरवलं की प्रत्येक आईपर्यंत पोचायचं, त्या दिवशी ते पोचलं.

कायदाही हेच सांगतो. माहिती अधिकार कायदा २००५ आपण अर्ज करण्यापुरताच ओळखतो, पण त्याचं चौथं कलम अर्ज न करता सरकारने आपणहून द्यायच्या माहितीबद्दल आहे. त्यात स्वच्छ म्हटलंय, की माहिती पसरवताना स्थानिक भाषा आणि त्या भागातली सगळ्यात परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी. माझ्या मते हरला खटल्यापासून सुरू झालेली वाट इथे येऊन पोचते. शिक्षा करायला दिल्लीचं राजपत्र पुरेल. पण मोलगीत कळवायचं तर ते पावरीत, नोयरीत, बाजाराच्या दिवशी, ग्रामसभेत, आशाताईच्या तोंडून कळवायला हवं. हे उपकार नव्हेत, २००५ पासून लिखित कर्तव्य आहे.

आणि सुरुवात कुठून करायची, तेही समोर आहे. जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला बाळासह घरी सोडायला मोफत गाडी मिळते. फार चांगली योजना. आता डॉ. सँडर्सच्या काळातली ती मोहीम आठवा, 'पहिला प्रवास'. मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयातून पाड्यावर जाणाऱ्या बाळाचा पहिला प्रवास सरकारी खर्चाच्या गाडीत होतो. बाळ सहसा असतं आईच्या मांडीवर. जी मांडी टेनेसीने १९८१ मध्ये कायद्यातून काढली, ती आपल्याकडे योजनेचाच भाग आहे. त्या गाडीत बाळासाठी योग्य सीट बसवणं हे एका पालकाच्या खिशाचं काम नाही, खात्याच्या खरेदी यादीतली एक ओळ आहे. आणि ती आई घाट उतरताना जे डोळ्यांनी बघेल, ते शंभर पोस्टरांनी कळणार नाही.

*

एका आक्षेपाला मात्र मी गांभीर्याने घेतो. ज्याला सीट घेणं शक्य नाही, ज्याच्या गावाला दुसरी गाडीच येत नाही, त्याला धोका समजावून काय साधणार? उलट उद्या अपघात झाला की 'आम्ही सांगितलं होतं' म्हणायला सरकार मोकळं!

ही भीती खरी आहे. रस्ता, कठडा, गाडीची फिटनेस, चालकाचा परवाना, एसटीच्या फेऱ्या, यातलं काहीच आईबापांच्या हातात नाही. माहिती दिली म्हणजे ही जबाबदारी त्यांच्याकडे सरकली असं होता कामा नये. म्हणूनच माहिती त्या वाहनाला धरून, प्रामाणिक हवी. हिंजवडीतल्या बापाला सांगा की मागे तोंड करून बसायची सीट शक्य तितकी जास्त काळ वापर, आणि ती एअरबॅगसमोर कधीच लावू नकोस. मोलगीच्या बापाला सांगा की लेकराला टपावर आणि हौद्याच्या कडेला बसवू नको, मांडीवर घेऊन पुढे बसू नको, आत आणि मागे बसव. आणि दोघांनाही हेही सांगा, की कायद्याने तुमच्या मुलाला काय मिळायला हवं आणि ते मिळत नसेल तर कुणाला विचारायचं. माहितीचा हा शेवटचा भाग सरकार नेहमी गाळतं. पण माणसाला मागणी करता येते ती त्याच्याच जोरावर. आश्रमशाळेच्या बसमध्ये किती मुलं आणि किती सीट, हे मोजायचा आपल्याला हक्क आहे, हे ग्रामसभेत एका आईला जरी कळलं, तरी पुढच्या नोव्हेंबरची बस वेगळी असू शकते.

हरलाने ५० रुपयांसाठी जे भांडण केलं त्यातून निदान एवढं ठरलं, की न कळवलेल्या कायद्याने माणसाला दंड करता येत नाही. न कळवलेल्या कायद्यामुळे मूल गेलं तर काय, हा प्रश्न अजून कुठल्या कोर्टासमोर त्या शब्दांत गेल्याचं माझ्या वाचनात नाही. जायची वेळ न येवो.

असो. तुमच्याकडे लहान बाळ असेल तर आज संध्याकाळी एक काम करा: सन व्हायझर खाली ओढा, ते लेबल वाचा, आणि सोमवारी सीट लावून दाखवायला एखाद्या सहकाऱ्याला पार्किंगमध्ये घेऊन जा. सरकार पोचेपर्यंत निदान तेवढी दवंडी आपण पिटू.